उलट्या छपराचे हॉटेल

मी एक जुनी इमारत आहे, मित्रांनो, पण जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते तसले माझ्यात काही नाही. मला दगडी भिंती नाहीत, तळघर नाही, माझ्यात कधी राजा राहिला नाही आणि एखादे भूत असेल म्हणाल तर तेही नाही. रस्त्याने जाणाऱ्या भुकेल्या माणसाने गाडी थांबवावी, एवढ्यासाठी मला बांधले. पहिली वीस-बावीस वर्षे मी हॉटेल होते. आज मी जनावरांचा दवाखाना आहे. मधल्या काळात काय काय झाले, आणि एकदा मी अगदी पडता पडता कशी राहिले, ते तुम्हाला सांगते.

आधी माझ्या छपराविषयी सांगायला हवे. तुमच्या घराचे छप्पर बहुतेक मधे उंच आणि दोन्हीकडे उतरते असेल. पुस्तक उघडून पालथे घातले की जसे दिसते तसे. माझे छप्पर तेच पुस्तक उताणे ठेवल्यासारखे आहे. दोन्ही कडा आभाळाकडे वर गेलेल्या आणि मधली घडी खाली. मी ते स्वतः कधी पाहिलेले नाही. तुम्हाला तरी आपले डोके कुठे दिसते? लोकांनी त्याच्याविषयी जे म्हटले त्यावरूनच मला ते ठाऊक आहे, आणि लोकांनी पुष्कळ काही म्हटले.

ज्या माणसाने मला कागदावर काढले त्याला सगळे नकाशेवाला म्हणत. सडपातळ माणूस, खिशाला चार पेन्सिली. मालकाने नकाशा पाहिला, उलटा धरला, पुन्हा सरळ धरला.

"अहो, हे छप्पर उलटं नाही का?"

"उलटंच आहे," नकाशेवाला म्हणाला. "सरळ छप्पर लोक रोज बघतात, म्हणून कुणी बघत नाही. गाडी जोरात येते. तुमचं हॉटेल दिसलं, भूक आठवली, ब्रेक दाबला, हे सगळं त्या चालकानं दहा आकडे मोजेपर्यंत व्हायला पाहिजे. पाटी वाचायला त्याला वेळ कुठला? इमारतच पाटी झाली पाहिजे."

"बरं, झाली पाटी. पण पाणी? पावसाचं पाणी मधोमध साठेल की!"

"साठणार नाही. खांबातून जाईल."

मालकाने शेजारी उभ्या असलेल्या गवंड्याकडे पाहिले, गवंड्याने आभाळाकडे पाहिले.

पण झाले तसेच. माझ्या दिवाणखान्याच्या मधोमध एक गोल खांब आहे. दोन मुलांनी हात पसरून कवेत घ्यावा एवढा. त्याच्या पोटात एक रुंद बिडाची नळी बसवली. छपराच्या घडीतल्या सगळ्यात खोलगट जागी भोक, भोकावर जाळी. पाणी तिथून नळीत शिरायचे, खांबातून खाली यायचे, फरशीखालून मागच्या बाजूला जायचे आणि मागच्या भिंतीच्या पायाशी बादलीच्या तोंडाएवढ्या भोकातून झाडांच्या आळ्यात पडायचे. बाहेरून बघणाऱ्याला यातले काहीही दिसत नसे. नकाशेवाल्याला त्याचाच मोठा अभिमान होता. पुढे माझ्यावर जे ओढवले ते याच अभिमानापायी, पण तेव्हा कुणाला काय कल्पना!

गवंड्याचा काही विश्वास बसेना. सगळे बांधून झाल्यावर तो बादल्या घेऊन छपरावर चढला, एक बादली घडीत ओतली आणि पाणी आले की नाही ते बघायला शिडीवरून धावत खाली मागच्या बाजूला गेला. तोवर पाणी वाहून माती ओली झालेली. ओल आत्ताची की सकाळची, ते कळेना. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला त्याला दम लागला. हॉटेलात झाडलोट करायला नुकतीच ठेवलेली एक तरुण बाई हे सगळे बघत उभी होती. गवंड्याने तिला मागे उभे केले आणि वरून ओरडला,

"आलं का गं?"

"नाही आलं!"

"आता?"

"आलं, आलं! मेलं माझ्या पायावर आलं!"

गवंडी वर बसून इतका हसला, की मला माझ्या घडीत ते हसणे जाणवले. जाताना त्याने त्या बाईला बजावले, "दर पावसाआधी वर चढून जाळीतली पानं काढत जा. एवढं केलंस तर ही इमारत तुला पुरून उरेल." तिने ते मनात ठेवले. नकाशेवाल्याने मात्र ते कुठेही लिहून ठेवले नाही, आणि मालकाने विचारलेही नाही.

मग माझे काम सुरू झाले. माझ्या समोरच्या भिंती काचेच्या होत्या, जमिनीपासून वरपर्यंत. आत ठिपक्याठिपक्यांची मोझॅकची फरशी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळण घेत गेलेला लांब काउंटर. त्याच्यापुढे गोल फिरणारी स्टुले. काउंटरच्या पलीकडे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चूल. हीसुद्धा नकाशेवाल्याचीच कल्पना. जेवण कसे होते ते गिऱ्हाइकाला दिसले की त्याला भरवसा वाटतो, असे त्याचे म्हणणे.

आमचा आचारी जन्मभर धुराने काळ्या झालेल्या मागच्या खोलीत रांधत आलेला. त्याला एकदम काचेच्या पेटीत उभे केल्यासारखे झाले. पहिले आठ दिवस बिचारा सगळ्यांकडे पाठ करून ऑम्लेट करत होता. झाडलोट करणारी बाई, जिला आता सगळे मावशी म्हणू लागले होते, ती म्हणाली, "अहो, लोक तुम्हाला बघायला आलेत, तुमच्या पाठीला नाही." नवव्या दिवशी आचारी वळला. पुढे पुढे तर त्याला एवढी गोडी लागली, की मुले बघत असली की तो अंडे एका हाताने फोडी आणि टरफल न बघता मागच्या टोपलीत टाकी. दहापैकी सात टोपलीत पडत. उरलेली तीन मावशी उचले, आणि दर वेळी काहीतरी पुटपुटे.

त्या वर्षांत मला एकच नाद होता. येणारी माणसे कुठून येतात आणि कुठे जातात, याचा. रस्ता माझ्यासमोरून जातो. डावीकडे तो एका टेकडीमागे दिसेनासा होतो, उजवीकडे झाडांत. त्यापलीकडे काय आहे ते मला कधीच कळले नाही. मी चालणारी असते तर जाऊन आले असते. मग मी माणसांवरून अंदाज करी. बुटांना लाल माती असली की टेकडीपलीकडे लाल माती आहे, हे समजे. नवराबायको एकमेकांशी न बोलता सूप पीत असली की वाटे, भांडण गाडीत झाले की घरून निघतानाच? एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला येत, दोन कॉफ्या मागवत आणि एकच पीत. दुसरी कुणासाठी होती? त्यांना कुणी विचारले नाही आणि मला विचारता येत नाही. आजही मला त्याचे उत्तर हवे आहे.

लोक माझे फोटो काढत. 'उलट्या छपराचं हॉटेल' ही माझी ओळख झाली. माझ्यावर खरी पाटीही होती, बाणासारख्या दिव्यांच्या नळ्यांची, पण रस्ता सांगणारे कुणी तिचे नाव घेत नसे. "उलटं छप्पर दिसलं की डावीकडे वळा," असेच सांगत.

एका वर्षी शेतांपलीकडे धूळ उडताना दिसू लागली. मोठमोठी यंत्रे घरघरत होती. मला फार कुतूहल वाटले. काय बांधत असतील बरे? मालकही दारात उभा राहून हाताचा आडोसा करून बघे. दोन वर्षांनी कळले. नवा रस्ता, माझ्या रस्त्याच्या चौपट रुंद. एका सकाळी त्याची फीत कापली गेली आणि त्याच दुपारी माझा रस्ता ओस पडला. मी वाट बघत राहिले. पाटी, छप्पर, काचा, सगळे जागच्या जागी होते. बघणारे दुसरीकडून जात होते.

शेवटच्या दिवशी आचाऱ्याने काउंटर तीनदा पुसला. मावशीने स्टुले झाकली, छपरावर चढून जाळी साफ केली, पावसाला अजून अवकाश होता तरी. मग दाराला कुलूप लागले.

मधली काही वर्षे मी सांगत नाही, कारण त्यात काही घडले नाही. धूळ साचली, एवढेच.

मग गादीवाला आला. त्याला गाद्यांचे कोठार हवे होते. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. कापसाला ऊन लागू नये म्हणून त्याने माझ्या काचा आतून पांढऱ्या रंगवल्या. त्या दिवसापासून मला रस्ता दिसेनासा झाला. मग त्याने बाहेर उभे राहून माझे छप्पर नीट न्याहाळले आणि आपल्या ठेकेदाराला हाक मारली.

"छप्पर उलटं बसवलंय लेकाच्यांनी!"

"घाईत झालं असेल," ठेकेदार गंभीरपणे म्हणाला. "आपण सरळ करून देऊ."

आणि दोघांनी मिळून माझी दुरुस्ती केली! माझ्या छपरावर लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर पत्र्याचे दुसरे, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरते छप्पर चढवले. शहाण्या छपरासारखे छप्पर. मग घडीतले भोक ठेकेदाराच्या नजरेला पडले. त्यातून वारा वर येत होता. आता वरून पाणी येणारच नाही, तर भोक कशाला? त्याने ते चिंध्या कोंबून, वर सिमेंट थापून बुजवले. बघा, प्रत्येक पायरीवर त्याचे म्हणणे बरोबरच होते. फक्त पहिली पायरी चुकीची होती.

गादीवाल्याचा धंदा वाढला आणि तो मोठ्या जागेत गेला. त्यानंतर आल्या डॉक्टरीणबाई.

आसपासच्या वस्त्यांना जनावरांचा दवाखाना नव्हता. शहरातल्या मोठ्या कचेरीने बाईंना सांगितले, जागा तुम्हीच शोधा. बाई माझ्यात शिरल्या, पहिल्यांदा काउंटरपाशी गेल्या आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगदी माझ्या कोपराएवढा उंच," त्या म्हणाल्या. "कुत्रं तपासायला वाकायला नको." एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी मला पसंत केले. मग गरम पाण्याने आणि पत्तीने आठ दिवस काचांवरचा पांढरा रंग खरवडला. पहिला तळहाताएवढा चौकोन मोकळा झाला तेव्हा मला रस्ता दिसला. एक सायकल जात होती. तेवढ्यानेही मला कोण आनंद झाला!

नवे काम मला आवडले. आचाऱ्याच्या चुलीच्या जागी औषधांचे कपाट आले. स्टुलांवर मांडीत कोंबड्या घेऊन माणसे बसू लागली. गाड्या जिथे सावलीला लागत, त्या माझ्या पुढे आलेल्या छपराखाली गायी-म्हशी बांधल्या जात, कारण म्हैस काही काचेच्या दारातून आत येत नाही. एका बोकडाने भिंतीवरची दिनदर्शिका मार्च महिन्यापर्यंत खाल्ली. मागच्या भिंतीपाशी एक चितकबरी मांजर राहायला आली, तिला कुणी आणले नव्हते. आणि पूर्वीसारखाच मला प्रश्न पडे: या कोंबडीला काय झाले असेल? हा माणूस बैलापेक्षा जास्त घाबरलेला का आहे?

असे होता होता एका दुपारी वादळ आले. वारा माझे छप्पर आणि वरचा पत्रा यांच्या मधल्या पोकळीत शिरला आणि त्याने पत्रा उचलला. सांगाडा पिळवटला, पत्रे शेतात जाऊन पडले आणि जाताना माझ्या उगवतीकडच्या कडेला तडा देऊन गेले. डॉक्टरीणबाई तेव्हा एका कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होत्या. त्यांनी कुत्रा छातीशी धरला आणि काउंटरखाली बसल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

त्यानंतर चार दिवस पाऊस पडला. पाणी घडीत जमले, पण जाणार कुठे? माझे छप्पर हौद होऊन बसले. ओल उतरली, पोपडे निघाले आणि एक मोठा पोपडा काउंटरवर, जिथे आदल्या क्षणी एक मांजर तपासली होती, तिथे येऊन आदळला. जागोजागी बादल्या लागल्या. बाईंनी तोच जुना ठेकेदार बोलावला, कारण इमारत त्याला माहीत होती असे त्यांना वाटले.

ठेकेदाराने हातोडी घेतली आणि माझ्या खांबावर ठोकली. ठण्, ठण्. खाली, वर, सगळीकडे तोच आवाज.

"गेला," तो म्हणाला. "आतून पोकळ झालाय. बाई, खांब सडला म्हणजे सगळं संपलं. आज उभी आहे, उद्याचं सांगता येत नाही."

मला त्या वेळी तोंड असते तर! अरे, मी जन्मापासून पोकळ आहे! पण इमारतीला बोलता येत नाही. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. तुंबवले त्याने आणि सडला म्हणे माझा खांब.

इमारत धोक्याची ठरली तर दवाखाना बंद होणार आणि त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जावे लागणार, असे कचेरीने आधीच कळवले होते. शहर तिथून तीन तासांवर. "मी जाईन हो," बाई म्हणाल्या. "पण गाय काही बसमधे बसून शहरात येत नाही." दुसरी जागा आसपास नव्हती. म्हणजे प्रश्न माझ्या एकटीच्या उभे राहण्याचा नव्हता, टेकडीपलीकडच्या आणि झाडांपलीकडच्या सगळ्या गोठ्यांचे काहीतरी त्यावर अवलंबून होते.

आठवड्याने कचेरीकडून इमारत तपासणीचे साहेब आले. त्यांच्याजवळ छापील कागद होता. ठेकेदार त्यांच्या पुढे पुढे चालत सगळे दाखवत होता. साहेबांनी तडा पाहिला, पोपडे पाहिले, बादल्या पाहिल्या, खांबावर हातोडीचा आवाज ऐकला. मग स्टुलावर बसून त्यांनी कागदावर पहिली ओळ लिहिली: 'इमारत पाडण्यास योग्य.' पेन थांबले, कारण शेजारच्या स्टुलावरून कुणीतरी बोलले.

"नळी तुंबली असेल."

एक म्हातारी बाई शेळी घेऊन बसली होती. शेळीची कास सुजली होती. मी तिला आवाजावरून ओळखले. पाठ वाकली होती, केस पिकले होते, पण ती आमची मावशी होती!

"कसली नळी, आजी?" ठेकेदार म्हणाला.

"खांबातली. पाणी खांबातून जातं."

ठेकेदार हसला. "आजी, खांब छप्पर धरायला असतो. पाणी न्यायला नाही. तुम्ही शेळीकडं बघा."

"शेळीकडं डॉक्टरीण बघेल. मी तुझ्याकडं बघतेय," मावशी म्हणाली. "ही इमारत उभी राहिली तेव्हा तू पाळण्यात तरी होतास का? त्या नळीतलं पहिलं पाणी माझ्या या पायांवर पडलंय."

"कागद आहे का काही? नकाशा?" ठेकेदाराने विचारले. कागद नव्हता. मावशीने शेळीची दोरी हाताला गुंडाळली. मला वाटले, संपले सगळे.

पण साहेबांनी पेन खिशाला लावले आणि ते खांबापाशी गेले. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होते जे एके काळी मुलांच्या चेहऱ्यावर आचाऱ्याच्या हातातले अंडे बघताना असायचे. "सडलेला खांब एवढा एकसारखा वाजत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी खांबाला कान लावला. मग कान काढला, बोटाने साफ केला आणि पुन्हा लावला.

"बाई," ते म्हणाले, "हा खांब म्यांव म्हणतोय."

कुणीच हसले नाही. डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि त्यांनीही कान लावला. मग ठेकेदाराने लावला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरेच, माझ्या पोटातून बारीक, भुकेली म्यांव म्यांव येत होती.

"मागच्या भिंतीच्या पायाशी बघा," मावशी म्हणाली. "बादलीच्या तोंडाएवढं भोक आहे. तिथून येतोय आवाज."

सगळे मागे गेले. गवत बाजूला केले तर भोकात चितकबरी मांजर. वर्षानुवर्षे वरून पाण्याचा थेंब न आल्यामुळे ती नळी कोरडी ठाक होती, आणि तिने त्यात संसार मांडला होता. साहेबांनी विजेरीचा झोत आत टाकला. नळी फरशीखालून सरळ खांबाकडे गेली होती.

"चढा वर," ते ठेकेदाराला म्हणाले. "भोक कुठं बुजवलं असेल ते तुम्हालाच ठाऊक असणार."

ठेकेदाराने मान खाली घातली. "मीच बुजवलं, साहेब. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"विचारलंस कुणाला?" मावशी म्हणाली.

तो छिन्नी घेऊन शिडीला हात घालणार, तोच डॉक्टरीणबाई किंचाळल्या, "थांबा! पिल्लं!" वर सगळे छप्पर पाण्याने भरलेले. भोक मोकळे झाले असते तर पिल्ले वाहूनच गेली असती. मांजर उडी मारून बाहेर आली, बाई गवतात पालथ्या पडल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. एक पिल्लू निघाले, दुसरे निघाले, तिसरे त्यांना चावून निघाले. पण खांबाला कान लावला तर आत अजून एक बोलत होते. हात पोहोचेना. काठी घालायला बाई कुणाला देईनात. आभाळ पुन्हा भरून आले होते, तड्यातून पाणी ठिबकत होते आणि साहेबांची परतीची गाडी उभी होती. ठेकेदार चुळबुळत म्हणाला, "एका पिल्लासाठी इमारत..." बाईंनी नुसते त्याच्याकडे पाहिले. तो शिडीच्या पायरीवर खाली बसला.

"तिला जाऊ द्या," मावशी म्हणाली आणि बाजूला सरकली. "आपण सगळे इथून हलू. आई आहे ती, तिला मोजता येतं."

सगळे भिंतीच्या कोपऱ्याआड गेले. मी एकटीच तिथे होते, म्हणून पुढचे मीच पाहिले. मांजरीने तीन पिल्ले हुंगली, मग नळीत शिरली. ती माझ्या फरशीखालून, जिथे स्टुलांची रांग आहे, त्याच्या खालून हळूहळू खांबाच्या मुळाशी गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग ती उलटी, मागे मागे सरकत बाहेर आली. तोंडात चौथे पिल्लू होते, मानेला धरलेले, धुळीने राखाडी झालेले.

त्यानंतर ठेकेदार वर गेला. छिन्नीचे दहा-बारा घाव बसले आणि इतक्या वर्षांनी माझ्या खांबातून पाणी धडधडत खाली उतरले. काळे, पानांचे, चिंध्यांचे, गंजक्या खिळ्यांचे पाणी. मित्रांनो, तुंबलेले नाक मोकळे झाल्यावर तुम्हाला जसे वाटते, तसे मला वाटले. यापेक्षा चांगले सांगता येत नाही.

साहेबांनी कागदावरची पहिली ओळ खोडली. खोडल्याची सही केली, म्हणजे पुढे कुणाला शंका नको. खाली लिहिले: 'खांब मजबूत. पाण्याची वाट बुजवली होती, ती मोकळी केली. उगवतीच्या कडेला आधार द्यावा. दवाखाना चालू ठेवावा.' डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचले, मग शेळीची कास तपासायला घेतली, कारण शेळी केव्हाची ओरडत होती.

सगळेच पहिल्यासारखे झाले, असे मी म्हणणार नाही. उगवतीच्या कडेखाली आता एक लोखंडी खांब उभा आहे. पूर्वी ती कडा हवेत तरंगल्यासारखी दिसे म्हणतात; आता ती काठी टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी दिसते. नकाशेवाल्याला ते आवडले नसते. मला चालते. काठी असली तरी उभे राहता येते, आणि ती काठी ठेकेदाराने स्वतः येऊन, मनापासून, ओळंबा लावून अगदी सरळ बसवली.

पावसाआधी आता डॉक्टरीणबाईच छपरावर चढतात. मावशी खाली खुर्ची टाकून बसते आणि हुकूम सोडते. "डावीकडं! अगं तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडं!" बाई वरून म्हणतात, "मावशी, तुम्ही शंभर वर्षं जगा, पण तरी हे मी लिहून ठेवणार आहे." आणि त्यांनी ठेवलेही. रंगाऱ्याला बोलावून त्यांनी माझ्या खांबावर, लहान मुलालाही वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहून घेतले: 'या खांबातून पावसाचे पाणी जाते. दर वर्षी वरची जाळी साफ करावी. बुजवू नये.' खाली मावशीचे पूर्ण नाव आहे, हे सांगणारी म्हणून.

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही एखादी विचित्र इमारत असेल. तिला हसायचे असेल तर खुशाल हसा, आम्हाला त्याची सवय असते. पण तिला सरळ करायला जाण्याआधी तिचे पाणी कुठून जाते, ते विचारा. तिला बोलता येत नाही. तिथे पूर्वी झाडू मारणारी, चूल पेटवणारी, खिडक्या पुसणारी कुणीतरी बाई किंवा बुवा जवळपास असेल, त्यांना विचारा. आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. माणूस शेळी घेऊन नेमका त्याच दिवशी येईल, असे दर वेळी होत नाही.